सूर्य सव्वानऊला मावळतो, मग ओटा किती वाजता पुसायचा?



आता आपल्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी परदेशात आहे. मुलगा नाहीतर मुलगी, नाहीतर भाची. वर्षा-दोन वर्षांनी तिकडे जाणं होतं, आणि गेलं की एक बेत हमखास निघतो, “सगळे मिळून समुद्रकाठी एक घर भाड्यानं घेऊ, आठवडाभर एकत्र राहू.” हॉटेल आपल्याला परवडलं तरी पचत नाही. कांदा-बटाटा नको, अंडं नको, सूर्यास्तानंतर जेवण नको, एवढं सगळं हॉटेलात कोण सांभाळणार? म्हणून स्वयंपाकघर असलेलं घर. तिकडे त्याला सेल्फ केटरिंग म्हणतात. म्हणजे घर, भांडी, शेगडी, कपडे धुण्याचं मशीन सगळं मालकाचं, रांधायचं आपलं आपण.

माझं मत आधीच सांगते. असं घर जरूर घ्यावं. पण रोज ओटा किती वाजता बंद होणार हे घर ठरवतानाच ठरवावं, आणि ते घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं सांगावं. मुलानं सांगून चालत नाही, सुनेला तर सांगताच येत नाही.

हे मत माझं मे महिन्याच्या अखेरीस वेल्समधल्या टेन्बी गावात पक्कं झालं. तिकडच्या शाळांना तेव्हा आठवड्याची सुट्टी असते आणि आपल्याकडेही मुलं मोकळी असतात, शिवाय चातुर्मास लागायचा असतो, म्हणून तीच वेळ जमते. आम्ही अकरा जण होतो. मी आणि आमचे हे, जाऊबाई आणि भाऊजी, मुलगा-सून, नणंदेची मुलगी आणि जावई, आणि तीन नातवंडं. घर शनिवारी दुपारी चारला ताब्यात आणि पुढच्या शनिवारी सकाळी दहाला रिकामं करून द्यायचं. तिकडे साधारण असंच असतं.

गाव फार देखणं. टेकाडावर गुलाबी, पिवळ्या, निळ्या रंगांची घरं, मध्ययुगातला तट अजून उभा, आणि तिन्ही बाजूंना वाळू. वेल्श भाषेत गावाचं नाव मोठं आहे, त्याचा अर्थ ‘माशांचा छोटा किल्ला’. हे कळल्यावर भाऊजी म्हणाले, “आपण नेमके इथेच यायचं होतं का?” रस्त्यावर जागोजागी मोठ्या पांढऱ्या अक्षरांत ‘अराफ’ लिहिलेलं असतं. अराफ म्हणजे हळू. मुलांना तो शब्द इतका आवडला की आठवडाभर जो तो दुसऱ्याला अराफ म्हणत होता.

आणि तिथली भरती-ओहोटी! आपण कोकणात पाहतो ती काहीच नाही. मोठ्या भरतीच्या दिवसांत पाणी सात मीटरच्याही वर चढतं-उतरतं. सकाळी ज्या वाळूवर मुलं पळत होती तिथे दुपारी होड्या तरंगतात. किनाऱ्याजवळ सेंट कॅथरीन्स नावाचं खडकाळ बेट आहे, वर एकोणिसाव्या शतकातला किल्ला. ओहोटीला चालत त्याच्या पायथ्याशी जाता येतं, भरतीला चारी बाजूंनी पाणी. पलीकडच्या काल्डी बेटावर ख्रिस्ती साधूंचा मठ आहे. तिकडे जाणारी बोटही भरती असली तर बंदरातून सुटते, ओहोटी असली तर दुसऱ्याच वाळूवरून. त्यामुळे घरातला प्रत्येक माणूस भरतीचं वेळापत्रक बघून वागत होता. समुद्राची वेळ सगळ्यांना पाठ झाली होती. स्वयंपाकघराला मात्र वेळच नव्हती.

ते का, सांगते.

सांगलीत मेअखेरीला सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. म्हणजे पावणेसातला ताटं उचलली जातात, सव्वासातला ओटा पुसून बाई मोकळी. थंडीत तर त्याहून लवकर. आपण लहानपणापासून हा नियम पाळतो आणि त्याच्यामागची अहिंसा आपल्याला ठाऊक आहे. पण त्याचा आणखी एक फायदा आपल्या आया-आज्यांना मिळत होता, तो कुणी बोलून दाखवला नाही. सूर्य त्यांचं स्वयंपाकघर बंद करून देत होता. दुसऱ्या घरांत रात्री दहाला जेवणं उठतात आणि बाई अकराला भांडी आवरते. आपल्या बायका तेव्हा पाठ म्हणत, जप करत, शेजारणीशी बोलत बसलेल्या असत. घरात कितीही सत्ता असलेला पुरुष सूर्याला थांब म्हणू शकत नव्हता.

टेन्बीत त्या दिवसांत सूर्य सव्वानऊच्या पुढे मावळतो आणि पाचच्या सुमाराला उगवतो. मग झालं असं की आठला न्याहारी, एकला जेवण, चारला चहाबरोबर काहीतरी, साडेसहाला मुलांना भूक, आणि समुद्रावरून दमून आलेले पुरुष साडेआठला ताटावर. कुणी काही म्हटलं की उत्तर तयार, “उजेड आहे ना अजून.” नियमाच्या अक्षराला धक्का नाही. पण सांगलीत जे स्वयंपाकघर सव्वासातला बंद होतं ते इथे सकाळी सातपासून रात्री साडेनऊपर्यंत उघडं.

शिवाय परक्या घरातला स्वयंपाक घरच्यापेक्षा दुप्पट वेळ खातो. आम्ही तवा, कुकर, पोळपाट-लाटणं, दोन कढया घेऊन गेलो होतो, कारण तिथल्या भांड्यांत काय शिजलं असेल ते आपल्याला माहीत असतं. आधी शेगडी आणि ओटा घासून घ्यायचा. फोडणी जरा जोरात झाली की छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागतो, मग एकीनं टॉवेल हलवत उभं राहायचं. पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचायची, चीजमध्ये काय, बिस्किटात काय. तिथले वेल्श केक जाड लोखंडी तव्यावर भाजतात, अगदी आपल्या दशमीसारखे दिसतात. वासानं तोंडाला पाणी सुटतं, पण त्यात अंडं असतं आणि जुन्या पद्धतीत चरबीही. म्हणून मुलांसाठी दशम्या घरीच. कचराही साधा नाही. वेल्समध्ये उरलेल्या अन्नाची बादली वेगळी, काच वेगळी, कागद वेगळा.

भाड्याचा हिशोब आमच्या जावयांनी फार चोख ठेवला होता. कुणाला समुद्राकडची खोली, कुणाला मुलांची दुमजली पलंगांची, त्याप्रमाणे वाटा कमी-जास्त. भारतातून आलेल्यांवर पौंडांचा भार पडू नये म्हणून त्यांचा वाटा वेगळा. पेट्रोल, पार्किंग, दूध, सगळं मोबाइलवरच्या तक्त्यात, पैशापर्यंत. मी कॉमर्सची पदवीधर. नोकरी केली नाही, पण हिशोब अर्धा असला की मला झोप लागत नाही. तक्त्यात पैसे होते, वेळ नव्हता. म्हणून रविवार, सोमवार, मंगळवार असे तीन दिवस मी माझ्या छोट्या वहीत कोण किती वेळ स्वयंपाकघरात उभं होतं ते लिहिलं.

जाऊबाई साडेएकोणीस तास. मी पंधरा. सून तेरा. भाची सहा, कारण तिची लेक लहान आहे. चार पुरुष मिळून अडीच, त्यात डिशवॉशर भरणं आणि कचऱ्याच्या बादल्या बाहेर ठेवणं आलं. एकूण छप्पन्न तास, त्यातले साडेत्रेपन्न बायकांचे.

जाऊबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात. पासपोर्ट काढून परदेशी आल्या त्या पहिल्यांदाच. तीन दिवसांत त्यांनी समुद्र पाहिला तो ओट्यासमोरच्या खिडकीतून.

आता इथे पुष्कळ जणी म्हणतील की त्यांना कुणी अडवलं होतं का? नव्हतं. उलट मुलगा दोनदा म्हणाला, “मोठी आई, चला ना.” त्या म्हणाल्या, “तुम्ही जा, मी पोळ्या करून ठेवते.” आणि तो गेला. मला मुलाचा रागही आला नाही. आपण त्याला चाळीस वर्षं हेच शिकवलं की पोळ्या कुणीतरी करून ठेवतं.

मंगळवारी रात्री मी वही घेऊन आधी जाऊबाईंकडेच गेले. सगळ्यांसमोर वाचली असती तर ती तक्रार झाली असती, आणि त्यांचा अपमान. त्यांनी आकडे ऐकले आणि जे म्हणाल्या ते मला अजून टोचतं. “माझ्या हातचं खायला मिळावं म्हणून तर मुलं घर घेतात. ते पण नको असेल तर मी इथे कशाला आले?”

मैत्रिणींनो, या विषयातली खरी गाठ इथे आहे. पुरुष काम करत नाहीत हे आपण वर्षानुवर्षं बोलतो. पण आपल्यातल्या मोठ्या बायकांना ओटा सोडायची भीती वाटते, ते आपण बोलत नाही. घरात त्यांचा शब्द चालतो तो तिथे. परक्या देशात भाषा येत नाही, फोनवरचं तिकीट काढता येत नाही, नाणी ओळखू येत नाहीत. एकच जागा अशी की जिथे सगळे त्यांना विचारतात, मीठ किती घालू? ती सोडून वाळूवर जाऊन बसायचं म्हणजे अकरांतली एक म्हातारी व्हायचं. आणि त्या उभ्या आहेत तोपर्यंत सून बसू शकत नाही. मोठी जाऊ उभी म्हणून मी उभी, मी उभी म्हणून सून उभी. सून बिचारी कशी म्हणेल, “आता पुरे”? तिनं म्हटलं तर ती आळशी. मुलानं म्हटलं तर तो बायकोचा. मोठीनं म्हटलं तर मात्र तो घरचा नियम होतो. म्हणून मी म्हणते की ओटा बंद करण्याचा अधिकार मोठ्या बाईचा आहे, आणि तो ठेवून देण्यासाठी नाही.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “साडेसहाला ओटा पुसायचा. पुढे कुणाला भूक लागली तर दूध आणि फळं.” बुधवारी सकाळी न्याहारीला त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. भाऊजी म्हणाले, “सूर्य सव्वानऊला मावळतो, एवढी घाई कशाला?” त्यावर जाऊबाई म्हणाल्या, “सूर्य वेल्सचा असेल, गुडघे सांगलीचे आहेत.”

भाऊजींचं म्हणणं शास्त्राला सोडून नव्हतं, हेही सांगायला हवं. सूर्य असताना जेवण घेणं निषिद्ध नाही. पण आपल्याकडे रात्रीभोजनत्याग एकटा सांगितलेला नाही. भोगोपभोगपरिमाण आहे, म्हणजे काय आणि किती वापरायचं याची मर्यादा आपली आपण ठरवायची. बाह्य तपांत ऊनोदर आहे, पोटाला दोन घास कमी. ही मर्यादा सूर्य घालून देत नाही. सूर्य उशिरा मावळणाऱ्या देशात तर ती आपल्यालाच जास्त आठवून पाळावी लागते. दिवसातून चार वेळा गरम खाणं आणि त्यासाठी चार बायका उभ्या, आणि वर आपण नियम पाळला म्हणायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

माझी सून इंग्लंडात डिसेंबरमध्ये हा नियम कसा पाळते ते मी पाहिलं आहे. तिकडे तेव्हा चारच्या आत सूर्य जातो. ती ऑफिसात साडेतीनला डबा उघडते, कुणी विचारलं तर हसून सांगते, घरी आल्यावर फक्त नवऱ्याची-मुलांची ऊब असते. तिच्या गोठवलेल्या पराठ्यांच्या पाकिटांकडे बघून नाक मुरडणाऱ्या सासवांनी हे एक वर्ष करून दाखवावं. तिचा माझ्या वहीतला हिशोबही खरं तर अपुरा होता. घर शोधणं, मालकाला विचारणं, खाली झोपायची खोली आहे का, पायऱ्या किती, आठवड्याचं सामान आधी मागवून ठेवणं, हे तिनं जानेवारीपासून केलं. त्याचे तास मी लिहिले नाहीत, कारण ते मी पाहिलेच नव्हते.

बुधवारपासून पदार्थ कमी झाले. दुपारी भाजी-पोळी-वरण-भात, संध्याकाळी एकच काहीतरी, उपमा किंवा पुलाव. गुरुवारी दुपारचा ओटा पुरुषांकडे दिला. मुगाची खिचडी आणि टोमॅटोचं सार. जाऊबाई दाराशी जाऊन एकदाच म्हणाल्या, “आलं नाही ना घातलंस?” आणि परत आल्या. खिचडी बुडाला लागली होती. कुणी मेलं नाही. पण आमच्या घरात मला सगळ्यात अवघड गेलं ते स्वयंपाकघरात न जाणं, आणि जाऊबाईंना तर हात मांडीखाली धरून बसावं लागलं असेल.

त्या संध्याकाळी सात ते नऊ आम्ही वाळूवर होतो. आणि तिथे जे झालं त्यासाठी हा सगळा खटाटोप मला योग्य वाटतो.

बंदराच्या भिंतीवर तिकडची मुलं खेकडे पकडतात. दोरीला डुकराच्या मांसाचा नाहीतर माशाचा तुकडा बांधून पाण्यात सोडायचा, खेकडा धरला की वर ओढून बादलीत टाकायचा, मग मोजून परत सोडून द्यायचं. दुकानात दोरी आणि बादली मिळते. आमच्या आठ वर्षांच्या नातवाला ती हवी होती. दोन दिवस त्याच्या आईबापांनी “नाही म्हटलं ना” एवढंच उत्तर दिलं होतं. तो मोठ्या आजीला म्हणाला, “पण सोडूनच देतात ना, मारत नाहीत!” जाऊबाईंनी त्याला एका बादलीजवळ नेलं आणि म्हणाल्या, “तो काय करतोय ते बघ.” खेकडा बादलीच्या कडेनं वर चढत होता, घसरत होता, पुन्हा चढत होता. बराच वेळ दोघं बघत बसली. मग त्यानं विचारलं, त्याला माहीत नाही का की आपल्याला सोडणार आहेत? त्या म्हणाल्या, “त्याला कोण सांगणार?”

दोरी घेतली नाही. तो थोडा रुसलाही, खोटं कशाला सांगू. पुढचे दोन दिवस ओहोटीला दोघं खडकांतल्या डबक्यांपाशी बसून आतले जीव बघत होती, हात न लावता. आपण दर रविवारी ऑनलाइन पाठशाळेसाठी मुलांना ओढून बसवतो. जिला धर्म सांगता येतो ती आजी मात्र आत पोळ्या लाटत असते, आणि मुलाचा प्रश्न बाहेर वाळूवर पडून राहतो.

काही जणी म्हणतील, मग महाराज बरोबर घेऊन जाणाऱ्या जैन सहलीच बऱ्या. त्या चांगल्याच असतात, मी दोन केल्या आहेत. पण तिथे चाळीस माणसं असतात आणि घर एकत्र बसत नाही. दुसऱ्या म्हणतील, बायका मिळून स्वयंपाक करतात त्यात मजा असते. असतेच की. भाचीनं तिच्या सासरच्या गोष्टी मला कोथिंबीर निवडतानाच सांगितल्या. सकाळची दोन तासांची मजा मला हवी आहे. रात्री साडेनऊला कढई घासताना कुणी मजेच्या गोष्टी सांगत नाही.

हिशोबातून सुटणारा आणखी एक खर्च जाता जाता सांगते, कारण कॉमर्सचं डोकं गप्प बसत नाही. वेल्समध्ये समुद्रकाठची घरं अशी भाड्यानं गेल्यामुळे तिथल्याच तरुण जोडप्यांना घर मिळत नाही, ही तिथली मोठी तक्रार आहे. म्हणून एप्रिल 2023 पासून नियम कडक झाले. वर्षात निदान 182 दिवस खरोखर भाड्यानं गेलं तरच घर व्यवसायाचं धरायचं असं तेव्हा ठरलं, आणि दुसऱ्या घरांवर स्थानिक कर तीनशे टक्क्यांपर्यंत वाढवून घ्यायची मुभा तिथल्या नगरपालिकांना आहे. घर घेऊ नये असं मी म्हणत नाही. पण भाजी-फळं, दूध तरी गावातल्या छोट्या दुकानातून घ्यावं, सगळं सामान गाडीत भरून नेऊ नये. आम्ही नेलं होतं ते फक्त पीठ, डाळी आणि मसाले.

शनिवारी सकाळी दहाला घर द्यायचं होतं. शुक्रवारी साडेसहाला ओटा पुसला तो शेवटचा. सकाळी फळं, दूध, उरलेल्या दशम्या. पलंगावरच्या चादरी मुलानं आणि जावयांनी काढल्या, बादल्या आमच्या यांनी धुतल्या. जाऊबाई काल्डीला जाऊन आल्या होत्या शुक्रवारी दुपारी. जाताना बंदरातून, येताना वाळूवरून, आणि उतरताना साडी गुडघ्यापर्यंत भिजली. सुनेनं गाडीत बसताना मला हळूच विचारलं, “आई, पुढच्या वेळी मोठ्या आई साडेसहाऐवजी सहा म्हणतील का?”

मी म्हटलं, तूच विचार.